आधी डिस्क, मग रॅम: खाऱ्या हवेतला जुना लॅपटॉप

प्रश्न थोडक्यात असा. घर देवगड तालुक्यात, समुद्र हाकेच्या अंतरावर. लॅपटॉप २०१५ सालचा: आय३-४००५यू प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क, विंडोज १०. आंब्याच्या पेट्यांचा हिशेब टॅलीत, बाकी मुलीचा अभ्यास आणि ब्राउझर. बटण दाबल्यापासून काम सुरू होईपर्यंत सात-आठ मिनिटं जातात. एक दुकानदार म्हणतो रॅम वाढवा, दुसरा म्हणतो भंगारात घाला. काय करावं, आणि रॅम १६ जीबी होईल का?

भंगारात घालू नका. आणि पहिला पैसा रॅमवर घालू नका, एसएसडीवर घाला, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपांवर साठवणाऱ्या डिस्कवर. हे माझ्या शब्दावर मानायची गरज नाही, दहा मिनिटांत घरीच पाहता येतं. मशीन चालू करा, टास्क मॅनेजर उघडा आणि 'परफॉर्मन्स'मध्ये डिस्क आणि मेमरी या दोन आलेखांकडे पाहत बसा. मेमरी साठ-सत्तर टक्क्यांवर आणि डिस्क मात्र सतत १०० टक्के असेल, तर दोष सरळ डिस्कचा. मेमरीही नव्वदीच्या घरात असेल, तर रॅम कमी पडते म्हणून विंडोज उरलेला माल डिस्कवर टाकतंय आणि डिस्क त्याच्याखाली दबतेय. म्हणजे दोन्ही हवं, पण आधी डिस्कच. एसएसडी असली की ४ जीबीचं मशीनही रखडत का होईना चालतं. जुन्या हार्ड डिस्कवर ८ जीबी रॅम घातली तरी सुरू व्हायला लागणारा वेळ जवळपास तेवढाच राहतो.

कारण यांत्रिक आहे. तुमच्या हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला ५४०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद. हवा तो तुकडा वाचायला सुई आधी त्या पट्ट्यावर न्यायची, मग तबकडी फिरून समोर येईपर्यंत थांबायचं. असे विखुरलेले तुकडे सेकंदाला साठ-ऐंशीच वाचून होतात. विंडोज सुरू होताना नेमके असेच हजारो बारीक तुकडे मागतं. एसएसडीत फिरणारं काहीच नाही, त्यामुळे सेकंदाला हजारो तुकडे येतात. जाहिरातीतला ५५० एमबी प्रति सेकंद हा आकडा मोठी फाइल सलग वाचण्याचा आहे. रोजच्या कामात जाणवतो तो फरक या बारीक तुकड्यांचा.

खरेदीआधी जुन्या डिस्कची नाडी बघा. क्रिस्टलडिस्कइन्फो हा फुकटचा प्रोग्राम पुरतो. त्यात ०५, सी५ आणि सी६ या तीन ओळींचे शेवटचे आकडे शून्य हवेत. ०५ म्हणजे खराब झाल्यामुळे बदलून घेतलेले सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे), सी५ म्हणजे वाचताना अडलेले, अजून निकाल न लागलेले. सी५ शून्य नसेल तर क्लोनिंगच्या, म्हणजे जुन्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल नवीवर उतरवण्याच्या, नादी लागू नका. क्लोन करताना डिस्क टोकापासून टोकापर्यंत वाचली जाते आणि मरायला टेकलेली डिस्क त्यातच जाते. अशा वेळी आधी कागदपत्रं, फोटो आणि टॅलीचं डेटा फोल्डर बाहेर काढा, तेही महत्त्वाचं आधी या क्रमाने. आतून टक्-टक् आवाज येत असेल तर चालू-बंद करून पाहू नका. प्रत्येक वेळी थोडं आणखी जातं.

आता खरेदी. या मशीनला २.५ इंची, ७ मिलिमीटर जाडीची साटा एसएसडी लागते. साटा हा जोडणीचा प्रकार. दुकानात एम.२ किंवा एनव्हीएमई (वेगळ्या जोडणीच्या, पट्टीसारख्या एसएसडी) पुढे केली तर घेऊ नका. या काळातल्या बहुतेक लॅपटॉपांत तो स्लॉटच नसतो, आणि क्वचित असला तरी तो साटा जातीचा असतो, त्यात एनव्हीएमई चालत नाही. २४० किंवा २५६ जीबी तुम्हाला पुरेल. फोटो-व्हिडिओ साठवायचे असतील तर ४८० किंवा ५१२ घ्या. २४० ची डिस्क विंडोजमध्ये २२३ दिसते, २५६ ची २३८. फसवणूक नव्हे, कंपनी हजारांत मोजते आणि विंडोज १०२४ च्या पटीत. फसवणूक वेगळी असते: नाव न ऐकलेली '२ टीबी' डिस्क निम्म्याहून कमी भावात. आत पेनड्राइव्हची चिप असते आणि ठरावीक मर्यादेपलीकडे लिहिलेलं सगळं हवेत जातं. संशय आला तर एच२टेस्टडब्ल्यू चालवून डिस्क काठोकाठ भरून परत वाचून पाहा. सलग चाचणीला काही तास लागतात, पण बिलाची मुदत असेतोवर ती झालेली बरी.

रॅमच्या बाबतीत चूक अक्षराची होते. चौथ्या पिढीच्या या प्रोसेसरला डीडीआर३एल लागते, १.३५ व्होल्टची. नुसती डीडीआर३ ही १.५ व्होल्टची असते. दिसायला दोन्ही सारख्या, दोन्हींना २०४ पिना, खाचही त्याच जागी, त्यामुळे चुकीची पट्टी आरामात बसते आणि मग मशीन उठत नाही. स्टिकरवर 'पीसी३एल-१२८००एस' असं हवं. '३' नंतरचा तो 'एल' बघूनच पैसे द्या. शेवटचा 'एस' म्हणजे लॅपटॉपची छोटी पट्टी, १२८०० म्हणजे १६०० चा वेग. ८ जीबीची एकच पट्टी घेणार असाल तर तिच्यावरच्या काळ्या चिपा मोजा: दोन्ही बाजूंना आठ-आठ, एकूण सोळा हव्यात. फक्त आठ चिपांची ८ जीबीची पट्टी दुप्पट घनतेच्या चिपांची असते आणि चौथ्या पिढीपर्यंतचे इंटेल प्रोसेसर ती ओळखत नाहीत. दुकानदाराच्या नव्या मशीनवर ती चालते, तुमच्यावर नाही, आणि मग वाद होतो की पट्टी चांगली आहे, लॅपटॉपच गेला.

प्रोसेसरची मर्यादा १६ जीबी आहे, पण ती दोन स्लॉट असतील तरच गाठता येते. एका स्लॉटच्या मॉडेलमध्ये ८ च्या पुढे जाता येत नाही. टास्क मॅनेजरच्या मेमरी पानावर खाली 'स्लॉट्स यूज्ड' असं लिहिलेलं असतं, तिथे एकातला एक की दोनातला एक ते बघा. तरी माझं मत विचाराल तर या दोन कोअरच्या आय३ ला १६ म्हणजे नाकापेक्षा मोती जड. स्लॉट दोन असतील तर आहे त्या ४ सोबत आणखी ४ घाला. दोन सारख्या पट्ट्या एकत्र काम करतात आणि आतलं ग्राफिक्स रॅममधूनच जागा घेत असल्यामुळे त्यालाही थोडा हात मिळतो. जुनी पट्टी १३३३ ची आणि नवी १६०० ची असली तर दोन्ही १३३३ ने चालतात, बिघडत काही नाही. विंडोज ३२-बिट असेल तर मात्र ४ जीबीच्या वर काहीच दिसणार नाही. 'सिस्टिम'च्या पानावर ते आधी पाहून घ्या.

पार्ट गावात मिळाला नाही तर कणकवली-कुडाळला बघा, नाहीतर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून येणाऱ्या चाकरमान्याकरवी मागवा. फक्त घेण्याआधी स्टिकरचा फोटो मागवून अक्षरं ताडून पाहा आणि बिल बरोबर येऊ दे. गणपतीला आलेली चुकीची पट्टी परत जायला शिमगा उजाडतो.

किनाऱ्यावरच्या लॅपटॉपचा खरा विषय पुढे आहे, आणि पुण्याकडचे सल्ले इथे अपुरे पडतात. पंखा दिवसभर बाहेरची हवा आत ओढतो आणि तिच्याबरोबर मिठाचे बारीक कण आतल्या मुख्य बोर्डावर बसतात. सुकं मीठ फारसं नुकसान करत नाही. पण हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं तेच हे. बोर्डावर असं खारट पाणी सुटलं की ते वीज वाहून नेतं आणि तांबं खातं. मृग लागल्यापासून आर्द्रता दिवसच्या दिवस त्या रेषेच्या वर असते, त्यामुळे मे महिन्यात ठणठणीत असलेला लॅपटॉप जुलैत अचानक काळी स्क्रीन दाखवून बसतो. तेव्हा निम्म्या वेळा रॅम गेलेली नसते, तिच्या सोनेरी पट्ट्यांवर आणि स्लॉटच्या पिनांवर थर चढलेला असतो. काढून परत बसवली की घर्षणाने तो खरवडला जातो आणि मशीन उठतं.

म्हणून नवं काही बसवण्याआधी सफाई. त्यासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल ९९ टक्क्यांचं घ्या. सॅनिटायझर चालत नाही, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं आणि ग्लिसरीन तसंच चिकटून राहतं. ७० टक्क्यांच्या स्पिरिटमध्येही तीस टक्के पाणीच. जुन्या रॅमची सोनेरी कडा मऊ पांढऱ्या खोडरबराने एकाच दिशेने, हलक्या हाताने चार-पाच वेळा पुसा. शाईचं खरखरीत खोडरबर नको, सोन्याचा मुलामा फार पातळ असतो आणि तो गेला की खालचं गंजायला मोकळं. रबराचा चुरा झटका, मग अल्कोहोल लावलेलं सुती फडकं फिरवा. स्लॉटच्या आतल्या पिनांसाठी अल्कोहोलात बुडवलेला मऊ टूथब्रश, पिनांच्या लांबीच्या दिशेने. तोंडाने फुंकर मारू नका, तुमच्या श्वासातही वाफच आहे. पंधरा मिनिटं वाळू द्या. बोर्डावर स्लॉटच्या आसपास हिरवा किंवा पांढरट थर दिसला तर तोही याच ब्रशने निघतो. चिपांच्या पायांखाली हिरवं शिरलं असेल आणि पाय कुरतडल्यासारखे दिसत असतील, तर मात्र एसएसडीचा खर्च थांबवा आणि बोर्ड आधी चांगल्या कारागिराला दाखवा.

उघडण्याचा दिवस निवडता आला तर दुपारचा, उन्हाचा निवडा. एसी खोलीतून आणलेला थंड लॅपटॉप पडवीत लगेच उघडू नका, आतल्या धातूवर दव धरतं. एक गोष्ट मात्र आपल्या बाजूची आहे: देशावर कोरड्या थंडीत अंगातल्या स्थिर विजेने चिप जाण्याची जी भीती असते ती इथल्या दमट हवेत बरीच कमी. तरी आत हात घालण्याआधी नळाला किंवा कपाटाच्या उघड्या लोखंडाला हात लावावा, त्याला खर्च काहीच नाही.

आता प्रत्यक्ष काम. विंडोज 'शट डाउन' केल्यावर पूर्ण बंद होत नाही, फास्ट स्टार्टअपमुळे अर्धं झोपलेलं असतं. म्हणून शिफ्ट दाबून धरून शट डाउन करा. चार्जर काढा, बॅटरी बाहेरची असेल तर खटके सरकवून काढा, आणि मग चालू करायचं बटण वीस सेकंद दाबून ठेवा म्हणजे उरलेली वीज निघून जाईल. बॅटरी आत असेल तर झाकण उघडल्यावर पहिलं काम तिचा कनेक्टर सोडवायचा. बॅटरी फुगलेली दिसली, टचपॅड वर आलेला असला, तर सगळं तिथेच थांबवा. तिला दाबू नका, टोचू नका, आधी ती बदलून घ्या.

या काळातल्या बऱ्याच मॉडेलांना खाली छोटं झाकण असतं आणि रॅम व डिस्क दोन्ही त्याखालीच असतात. काहींना पूर्ण तळ काढावा लागतो. तेव्हा स्क्रू रबरी पायांखाली आणि डीव्हीडी ड्राइव्ह बाहेर ओढल्यावर दिसणाऱ्या खोबणीतही लपलेले असतात. झाकण निघत नसेल तर जोर लावू नका, एखादा स्क्रू राहिलेला आहे. इथे स्क्रूंना गंज ठरलेला. अधिक-चिन्हासारखं (फिलिप्स) शून्य किंवा एक नंबरचं टोक पूर्ण बसतंय का बघा, वरून दाबून आधी किंचित घट्ट करा, मग उलटं फिरवा. गंज सुटल्याचा कट्ट आवाज येतो. डोकं घासलं गेलं तर मधे रुंद रबर बँडचा तुकडा ठेवून दाबून फिरवा. गंजाचा स्प्रे आत मारू नका. काढलेले स्क्रू कागदावर लॅपटॉपचा आराखडा काढून त्या-त्या जागी ठेवा, कारण लांबी वेगवेगळी असते आणि लांब स्क्रू चुकीच्या भोकात गेला की वर तळहात ठेवतो तिथे टेंगूळ येतं.

हार्ड डिस्क सहसा पत्र्याच्या चौकटीत असते. ती उजवी-डावी सरकवून कनेक्टरमधून काढा, वर उचलू नका. चौकटीचे चार स्क्रू काढून तीच चौकट एसएसडीला लावा. जुनी डिस्क ९.५ मिलिमीटर जाड असेल तर ७ ची एसएसडी सैल बसते, हादऱ्याने कनेक्टर हलतो आणि 'डिस्क सापडत नाही' असा दर चार दिवसांनी येणारा दोष मागे लागतो. एसएसडीच्या खोक्यात अडीच मिलिमीटरची प्लास्टिक चौकट येते ती लावा, नसेल तर त्या जाडीचा पुठ्ठा.

रॅमची पट्टी सपाट घुसवायची नसते. खाच जुळवून साधारण ३० अंशांच्या कोनात आत सरकवा, सोनेरी कडा जेमतेम केसाएवढी बाहेर दिसेपर्यंत. मग दोन्ही बोटांनी खाली दाबा, बाजूचे पत्र्याचे खटके आपोआप टक् करून बसतात. कडा जास्त दिसत असताना दाबलंत तर खटके बसतील, पण पट्टी अर्धवटच असेल. 'नवी रॅम चालत नाही' या तक्रारींत हेच सगळ्यात जास्त निघतं. पहिल्यांदा चालू करताना स्क्रीन अर्धा मिनिट काळी राहू शकते, घाबरून लगेच बंद करू नका. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या, मशीनच्या मूळ सेटिंगच्या पानावर) एकूण आकडा बरोबर आला की मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्राम पेनड्राइव्हवरून रात्रभर चालवा. एकही लाल ओळ आली तरी पट्टी परत.

डेटा नेण्याचे दोन मार्ग. डिस्क निरोगी असेल तर क्लोन: यूएसबी-साटा केबलने एसएसडी बाहेरून जोडा, जोडणी शक्यतो निळ्या (यूएसबी ३) पोर्टात, आणि एसएसडीच्या कंपनीचं मोफत सॉफ्टवेअर वापरा, ते मोठ्या डिस्कवरचं लहानीवर बसवून देतं. क्लोनझिला या मोफत प्रोग्रामला नवी डिस्क जुन्याएवढी किंवा मोठी लागते, ५०० वरून २४० वर तो सहजी जात नाही. दीडशे जीबीला तास-दीड तास धरा. तुमची बॅटरी मेलेली असेल आणि मधेच लाईट गेली तर जुन्या डिस्कचं काही बिघडत नाही, क्लोन पुन्हा करावा लागतो इतकंच. तरी इन्व्हर्टरवर लावा. बायोस अपडेटचं तसं नाही: त्यात लाईट गेली तर बोर्डच उठत नाही, म्हणून वळवाच्या नाहीतर परतीच्या पावसात, गडगडत असताना तो करायचाच नाही.

क्लोन झाल्यावर पहिल्यांदा फक्त एसएसडीच जोडून चालू करा. दोन जुळी डिस्क एकदम दिसली की विंडोज गोंधळतं. 'बूट डिव्हाइस' सापडत नाही असं आलं तर बायोसमध्ये लेगसी आणि यूईएफआय या सुरू होण्याच्या दोन पद्धतींतला जुना कोणता पर्याय होता तोच ठेवा. तिथेच 'साटा मोड' या ओळीत एएचसीआय निवडलेलं हवं.

दहा वर्षांचा कचरा साठलेला असेल तर मला नवीन इन्स्टॉल बरं वाटतं. विंडोज १० चा परवाना बोर्डाशी बांधलेला असतो, इंटरनेट लागलं की आपोआप सक्रिय होतो. पण आधी तीन गोष्टी. टॅलीचा परवाना 'सरेंडर' करा, नाहीतर नव्या डिस्कवर तो चालू करताना अडकाल. बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या. आणि श्री-लिपीसारख्या जुन्या मराठी फॉन्टांत टाइप केलेली पत्रं असतील तर फॉन्ट फोल्डरही उचला. युनिकोड नसलेला तो मजकूर फॉन्टशिवाय उघडला की इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसते आणि लोक समजतात फाइल खराब झाली.

विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, नोंदणी करणाऱ्यांना सुरक्षा अपडेट पुढे वर्षभर. विंडोज ११ ला अधिकृतपणे आठव्या पिढीपासूनचा इंटेल प्रोसेसर लागतो, तुमचा चौथ्या पिढीचा. मुलीच्या अभ्यासासाठी आणि ब्राउझरसाठी विंडोजऐवजी वापरता येणारं मोफत लिनक्स मिंट या मशीनवर छान चालतं. टॅलीसाठी विंडोज ठेवायचं तर त्यावर बँकेचं काम टाळा.

काढलेली हार्ड डिस्क डीव्हीडीच्या जागी कॅडीत (डिस्क बसवायच्या चौकटीत) घालून देतो असं दुकानदार म्हणेल. मी ते करणार नाही. ती यूएसबी एन्क्लोजरमध्ये (बाहेरून जोडायच्या डबीत) घाला, महिनाभर तिच्यातलं काहीही पुसू नका, आणि नवीन सगळं नीट चाललंय याची खात्री पटली, आणि तिच्या त्या तीन ओळी शून्य असल्या, तर तीच बॅकअपसाठी वापरा. एसएसडी मरते तेव्हा टक्-टक् करून आधी सांगत नाही, एका सकाळी दिसेनाशी होते, त्यामुळे बॅकअप आता पूर्वीपेक्षा जास्त गरजेचा. ठेवायची जागा हवाबंद डबा, आत सिलिका जेलची दोन पुडकी. निळे खडे गुलाबी झाले, किंवा नारिंगी हिरवे झाले, की तव्यावर मंद आचेवर परत रंग येईपर्यंत गरम करून घ्या. साधारण आगोटीला, म्हणजे पावसाच्या तोंडावर, एकदा आणि नवरात्राच्या सुमारास एकदा गरम केले की पुरतं.